मुऱ्हाळी म्हून गेली, अन् इंजिन ठोकाले लागलं

दुसरबीडाहून जळगाव जामोद म्हंजे काही काशी नाही. जिल्हा आपलाच. पन आमच्या गल्लीतल्या अर्ध्या बायांनं घाट उतरून पाह्यला नाही, म्हून त्या इचारतात, "काय वं मावशे, कसं हाय घाटाखाली? अन् गाडी मदात बंद पडली म्हने?" एकेकीले सांगून माहं तोंड दुखलं. मंग नात म्हने, "आजी, एकदाच सांग, मी लिहून काढते." मी दुसरीलोक शिकली. सही येते, बाकीचं बोलता येते.

तं आयका. गाडी बंद पडली नव्हती. ठोकत होती. बंद पडनं येगळं अन् ठोकनं येगळं. बंद पडली गाडी ढकलता येते. ठोकनाऱ्या गाडीचं काय करा, हे पयले समजून घ्या लागते.

माही धाकटी बहीन सुभद्रा. तिले जळगाव जामोदाच्या पलीकडं, सातपुड्याच्या बुडाशी देल्ली. आम्ही दोघीच बहिनी, भाऊ झाला नाही. तिचा मालक गेला, माहा तं कव्हाचाच गेला. तिले लेकरू नाही. दिराच्या पोराजवळ, गजाननजवळ राहे. श्रावनात मोरीत पाय घसरला अन् खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सळई टाकली. तव्हापासून खाटीवर.

गजानन चांगला पोरगा हाय, त्याले नावं ठेवाची नाहीत. पन त्याले सुरतेले काम लागलं. बायको-लेकरं घेऊन चालला, घराले कुलूप. त्यानं फोन केला, "मावशी, काकूसाठी एका वृद्धाश्रमात जागा पाह्यली. शुक्रवारी त्यायची गाडी न्याले येते. तुम्ही नेत असान तं त्याच्या पयले या."

म्या म्हतलं, "दे तिले फोन."

सुभद्रा म्हने, "बाई, मी आपून होऊन कोनाच्या दारी जात नाही. मुऱ्हाळी आला तं येईन. नाही तं आश्रम हाय."

आताच्या पोरीले मुऱ्हाळी म्हाईत नाही. सनासुदीले सासरच्या पोरीले आनाले माहेरचं मानूस जाते, तो मुऱ्हाळी. पोरगी पिशवी उचलून एकटी माहेरी येत नाही. आली तं लोक म्हनतात, भांडून आली. बाप जाते, भाऊ जाते. आमच्या माहेरी बाप्या मानूस उरलाच नव्हता.

"मीच येते मुऱ्हाळी," म्या म्हतलं.

"बाई मुऱ्हाळी कुठी असते का वं?"

"आता असते." अन् म्या फोन ठेवला.

दसरा

मी एकटी तं बसनं बी गेली असती. पन तिले आनाचं कसं? खुब्यात सळई, बसता येत नाही, आडवीच आना लागन. म्हून माह्या पोराची, प्रकाशची जीप. तो दुसरबीडाच्या रस्त्यावर शिटा भरते. गाडी जुनी, धूर एवढा सोडे का मांगचा मानूस दिसे नाही. पाऊस झाल्यावर त्यानं सुदाम मिस्त्रीकडून इंजिन बांधून घेतलं. बांधून म्हंजे पुरं खोलून. पोत्यावर सारं मांडलं होतं, मोठं, लहान, वाकडं, गोल. मले वाटलं, आता हे पुन्हा एकात एक बसत नसते. पन सुदामनं बसवलं. हात चांगला हाय त्याचा, फक्त तोंड जास्त चालते.

दसऱ्याच्या दिवशी त्यानं इंजिन चालू करून दावलं. धूर नाही, आवाज गोड. तेवढ्यात त्याची माय पूजेचं ताट घेऊन आली. सारे पाने, हातोड्या, लांब नळी, सारं पाटावर मांडलं, झेंडूची फुलं वाह्यली. माह्या सुनेनं इंजिनाच्या वरच्या झाकनावर कुंकवाची पाच बोटं ओढली. मी रांडमुंड बाई, म्या लांबूनच हात जोडले. पाटावर गेलेल्या अवजाराले त्या दिवशी कोनी हात लावत नाही. बैलाले पोळा असते, तसा पान्याले दसरा. दुसऱ्या दिवशी उठवाचे.

निंगाच्या दिवशी सुदाम म्हने, "मावशी, मी बी येतो. नवं काम हाय, लांबच्या रस्त्यावर आयकून घेतो. अन् तिले उचलाले दोन मानसं पाह्यजेत." म्या म्हतलं, "चाल." मांगच्या शिटा काढल्या, गादी टाकली, वरतं गोधडी. गुरुवारी उजाडल्यावर निंगालो. शुक्रवारची आश्रमाची गाडी माह्या डोक्यात होती.

मेहकर

सोयाबीन निंगून गेलं होतं, वावरं उघडी पडली होती. तूर फुलावर, पिवळी झाक. सुदाम पुढं बसून प्रकाशले शिकवत होता, "दबवू नको, दबवू नको, नवी नवरी हाय ते." प्रकाश म्हने, "हिले सासरी आनून लय वर्सं झाली गा." मी मांगं गादीवर. बहिनीच्या पयले म्याच लोळून घेतलं.

मेहकरले बस स्टँडजवळ चहासाठी थांबलो. प्रकाशनं गाडी चालूच ठेवली, अन् तठी म्या पयल्यांदा आयकलं. ठक. ठक. ठक. जसं कोनी घराच्या आतून दार वाजवून राह्यलं.

"हे काय वाजून राह्यलं?" म्या इचारलं.

 दोघायनं बी आयकलं होतं, म्हनाले कोनी तयार नव्हतं. सुदाम उतरला, बोनेट उघडलं. लांब पेचकस काढला, त्याचं टोक इंजिनाले लावलं अन् मूठ कानाले. डोळे मिटले. डाक्टर छाती तपासते तसं. मी बी उतरून मांगं उभी राह्यली. खालतं, इंजिनाच्या पुढच्या लोखंडी चाकावर पट्टा फिरते ना, त्याच्या मदल्या नटाभवती लाल बारीक भुकटी दिसली. सुदामनं बी पाह्यली, हात जोडले. "वहिनीनं कुंकू झोकून लावलं हो," म्हने.

म्या बी तेच समजली.

"काय हाय?" प्रकाश.

"काही नाही. नवं काम बसून राह्यलं."

"बसून राह्यलं का उठून राह्यलं बे?"

"तूच बांध ना मंग इंजिन. मी शिटा भरतो."

पयाले लागली का आवाज दबे, म्हून निंगालो. मेहकरचं जुनं देऊळ रस्त्यावरूनच डोळ्यात घेतलं. देवाले म्हतलं, येतानी दोघी मिळून हात जोडू.

घाट

जानेफळाच्या रस्त्याले लागलो. ह्याच रस्त्यावर म्या गिट्टी फोडली हाय. मालक मेला तव्हा प्रकाश अंगावर पेत होता. लिंबाले झोळी बांधाची, दगड फोडाचे, रडला का पाजाचं, पुन्हा फोडाचे. चिलटं डोळ्यात जात. हातोडीचा दांडा मोडला तं मुकादम आपल्यालेच बोले. सुभद्रा तव्हा घाटाखालून आली होती, तिले कोनी मुऱ्हाळी धाडला नव्हता, तरी आली. अख्खा उन्हाळा माह्या बाजूले बसून गिट्टी फोडली. तिच्या सासरच्यायनं त्याच्यावरून तिले लय दिवस आयकवलं, "बिनबोलावली माहेरी पयते." तव्हापासून ती अशी अडून बसते, मुऱ्हाळी पाह्यजे म्हने. मी तिले येडी म्हनत नाही.

रस्ता आता काळा, गुळगुळीत झाला. प्रकाशले म्या कधी सांगतलं नाही, त्या दिवशी सांगतलं. तो म्हने, "माय, मंग खड्डे बी तूच ठेवले का?"

आमी घाटावरचे अन् ते घाटाखालचे. जिल्हा एक, पन घाट उतरला का हवाच बदलते. वरतं थंड वारा, मुरमाड जमीन. खालतं उन, अन् जमीन काळी, लोन्यावानी. पऱ्हाटी मानसाच्या छातीलोक. बाया कापूस येचत होत्या, डोक्यावर उपरनं, कमरेले ओटी. आमच्याकडं येचनारी बाई गानं म्हनते, ह्या फोनवर गानं लावून ठेवतात. काम तेच.

घाट उतरतानी आवाज नव्हता. खालतं गाव आलं, गाडी हळू झाली, अन् ठक, ठक. आता चांगलाच. खामगावच्या अलीकडं प्रकाशनं गाडी बाजूले घेतली अन् इंजिन बंद केलं.

"माय, मी पुढं नेत नाही," म्हने.

सुदामनं बी मान डोलावली. तेच वाईट होतं.

"काय होईन नेली तं?" म्या इचारलं.

मंग सुदामनं मले समजावलं, लेकराले समजावते तसं. इंजिनाच्या पोटात एक जाड वाकडा दांडा फिरते. पिस्टन त्याले ढकलतात. जिथी-जिथी तो दांडा धरला असते तिथी बेरिंगा हायेत, त्यानं नव्या टाकल्या. "त्या बेरिंगा ठोकून राह्यल्या असन मावशी, तं अजून थोडं गेलं का इंजिन जाम. पुन्हा सारं खोला लागन, पंधरा-वीस दिवस. अन् तुमच्या बहिनीले घेऊन रस्त्यात जाम झालं तं..."

"तं तिले रस्त्यावर ठेवा लागन," प्रकाश म्हने. "सळई टाकलेली बाई. दुसऱ्या गाडीत कशी बदलाची? मी नाही बावा."

"अन् बेरिंग नसन, दुसरं काही असन तं?"

"तं काहीच नाही. तं जाता येते," सुदाम म्हने.

"मंग घाबरून काऊन राह्यले? बेरिंग हाय का नाही, ते पाहा."

प्रकाश म्हने, "मांगं फिरू. फोन करून गजाननले थांबव म्हना."

"त्याचं रेल्वेचं तिकिट हाय. सुभद्रा उद्या आश्रमाच्या गाडीत बसली तं मंग उतरत नाही. मी वळखते तिले. तुह्या गाडीचा ठोका काय हाय ते पाहा, अन् तो पाहाले मानूस लागत असन तं मानूस पाहा. मी अठी बसली."

अन् मी खरंच बसली, मैलाच्या दगडावर. भाकरी सोडल्या, ज्वारीच्या, संगं तिळाची चटनी अन् कांदा. दोघायले देल्ल्या. खाल्ल्यावर मानूस सुधरते. सुदाम म्हने, "नांदुऱ्यात रशीदभाई हायेत. माह्या उस्तादाचे दोस्त. हळू जाऊ."

"त्यायच्यासमोर तुही लाज जाईन ना?" प्रकाशनं चिमटा काढला.

"लाज गेली तं जाऊ दे. बेरिंग गेली नाही पाह्यजे."

नांदुरा

रशीदभाईचं गॅरेज रस्त्याच्या काठी लिंबाखाली. पांढरी दाढी, हात कोपरालोक काळे. म्या उतरल्याबरोबर पयले खाट टाकून देल्ली, "बैठो अम्मा. गाडी कुठी पळून नाही जात." घरातून चहा आला. घोट घेतला अन् म्या प्रकाशकडं पाह्यलं. चहात मीठ!

रशीदभाई हासले. "घाटावरच्या का? अम्मा, आमचं पानीच खारट. पूर्णामायचा सारा पट्टा असा. दोन दिवस राहा, मंग तुम्हाले तुमचाच चहा फिका लागन."

म्या सारा पेला. दुष्काळात म्या गाळाचं पानी पेलं, खारट चहाचं काय.

मंग त्यायनं काम सुरू केलं. गाडी चालू, ठक, ठक, ठक. रशीदभाईनं सुदामले इचारलं, "ऑइलचा काटा?"

"बराबर हाय भाई. हालत नाही."

"मंग कायले रडून राह्यला? बेरिंग गेली असती तं काटा पयले पडला असता."

"तुमी धीर देता भाई, पन एकदा पाहा."

इंजिनाले डिझेल नेनाऱ्या चार बारीक नळ्या असतात. रशीदभाईनं एक नळी सैल केली. गाडी लंगडाले लागली. एक सिलिंडर बंद झालं, म्हने. "आयक सुदाम. ठोका गेला का?" नाही गेला. ती कसली, दुसरी सोडली. नाही गेला. तिसरी, नाही. चौथी, नाही. मले म्हने, "अम्मा, चार घरं हायेत, एकेका घराचा दिवा बंद केला. ज्या घरात भांडन हाय, दिवा बंद केल्यावर ते घर गप होईन का नाही?"

"नवरा-बायकोचं असन तं नाही होत," म्या म्हतलं.

ते एवढे हासले का चहा सांडला. "पन इंजिनात होते अम्मा. एक बी घर गप झालं नाही. मतलब भांडन घरात नाही. अंगनात हाय."

सुदामचा जीव भांड्यात पडला. पन अंगनात म्हंजे कुठी? पेचकस कानाले लावून ते खालच्या ऑइलच्या टाकीपासून वरतं फिरले. खालतं आवाज बारीक, पुढं मोठा. पुढचा पट्टा काढला, तं ठोक्याची चालच बदलली. "आगे हाय. पुढंच हाय," म्हने. इंजिन बंद करून पंख्याची पाती हालवून पाह्यली, ते पक्के. पान्याच्या पंपाले हालवलं, पक्का. मंग फडकं घेऊन सारं पुसाले लागले, तेल कुठून येते ते दिसावं म्हून. पुसत-पुसत खालच्या चाकालोक आले, अन् त्या लाल भुकटीच्या भवतालून फडकं फिरवून मांगं घेतलं. मले आवडलं ते. दुसऱ्याच्या देवाचं बी मानूस जपते.

"तेवढं काऊन सोडलं भाई?" सुदाम.

"पूजेचं हाय. मी कसा पुसू?"

तव्हा मी खाटीवरून उठली. जवळ गेली. मेहकरले पाह्यलं होतं तव्हा ते नटाभवती चिमूटभर होतं. आता पुऱ्या चाकाच्या मदात पसरलं होतं, चाकाच्या कड्यालोक उडालेलं.

"सुदाम," म्या म्हतलं, "हे वाढलं काऊन?"

"काय वाढलं मावशी?"

"कुंकू. मेहकरले एवढुसं होतं. गाडी एवढी पयली, वारा लागला, कुंकू कमी होईन का जास्त? अन् माह्या सुनेनं वरतं झाकनावर पाच बोटं ओढली, ते पाहा, तिथीच हायेत. तिचा हात अठलोक खालतं गेलाच नाही. मी होती ना तठी."

 सुदाम त्या भुकटीकडं पाहे, पन हात पुढं करे ना. रशीदभाई बी नाही. मंग म्याच बोट लावलं. किती वर्सात माहं बोट लाल झालं नव्हतं. पन ते कुंकू नव्हतं. कुंकू बोटाले धरते. हे कोरडं, खरखरीत, अन् वास लोखंडाचा. गंजक्या विळ्याचा असते तसा.

"गंज हाय वं," म्या म्हतलं.

रशीदभाईनं दोन्ही हातानं ते चाक धरलं अन् हालवलं. चाक हाललं. ठक. आमी साऱ्यायनं ते आयकलं. इंजिन बंद असतानी तोच आवाज.

"लोहा लोहे को घिसता है तो ऐसी भुकटी निकलती है," रशीदभाई म्हने, अन् मंग मराठीत आले, "नट सैल हाय मिस्त्री. सकाळपासून सारे हात जोडून राह्यले गंजाले!"

पाना लावला तं नट जोर न लावताच फिरला. सुदाम खालतं बसला, जमिनीवरच. म्हने, "दसऱ्याच्या दिवशी म्या हा हातानं लावला होता. चालू करून पाहाले. मंग पान्याले नळी लावून ताननारच होतो. तेवढ्यात माय ताट घेऊन आली. पाने पाटावर गेले, नळी बी गेली. पूजेतला पाना उचलत नाहीत, म्हून म्हतलं उद्या. दुसऱ्या दिवशी पाने उठवले अन् पयले हातात आलं ते दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचं काम. मले वाटलं, हा मी तानला."

प्रकाशचं तोंड लाल झालं. तो काही तरी मोठं बोलनार होता, म्या मदात घातलं. "झालं ते झालं. आता तान."

"मावशी, माही चुकी..."

"चुकी नंतर पाहू. सुभद्री वाट पाहून राह्यली."

नट काढला. चाक ज्या लोखंडाच्या पट्टीनं दांड्याले अडकलेलं असते, ती पट्टी थोडी चावल्यावानी झाली होती. रशीदभाईकडं तशीच होती, ती घातली. दांडा चांगला होता. मंग नट आवळाचा. त्याच्यासाठी इंजिन फिरलं नाही पाह्यजे, म्हून गाडी गियरमदे टाकली अन् ब्रेकवर कोनी तरी पाय ठेवाले पाह्यजे. पान्याले लांब नळी लावून तिघायले लोंबकळा लागनार होतं.

"अम्मा, येता का ड्रायव्हर शिटावर?"

म्या उभ्या जन्मात त्या शिटावर बसली नव्हती. बसली. लुगड्याचा काष्टा आवळला, दोन्ही पाय ब्रेकवर, पाठ शिटाले लावली अन् दाबलं. गिट्टी फोडलेले पाय हायेत. तिघं नळीवर लोंबकळले, गाडी कुरकुरली, पन मी काही हालू देल्ली नाही. "बस अम्मा, बस!" रशीदभाई वरडले. "गाडी जमिनीत घालता का?"

पट्टा घातला. प्रकाशनं चावी फिरवली.

आमी चौघं वाकून आयकत होतो. इंजिन चाललं, पट्टा फिरला, अन् ठोका नव्हता. रस्त्यावरून ट्रक गेला, तो बी जाऊ देल्ला. पुन्हा आयकलं. नव्हता.

रशीदभाईनं फडकं घेतलं अन् ती लाल भुकटी सारी पुसून टाकली. वरच्या पाच बोटायले धक्का लावला नाही.

सातपुड्याच्या बुडाशी

पूर्णेचा पूल वलांडला. पात्र मोठं, पानी मदात थोडंसं. पलीकडं गेल्यावर आभाळाच्या काठाले सातपुडा निळा दिसाले लागला, झोपलेल्या म्हशीवानी. जळगाव जामोदच्या बाजारातून सुभद्रासाठी लुगडं घेतलं. मुऱ्हाळी रिकाम्या हातानं जात नाही.

दिवे लागनीले पोचलो. ओसरीत बोचकी बांधलेली, भिंतीवर खुंट्या रिकाम्या. सुभद्रा खाटीवर, तोंड दाराकडं करून. लय बारीक झाली होती. मले वाटलं रडन. ते कायले रडते.

"मुऱ्हाळ्याले दिवसभर लागला का वं?"

"गाडी ठोकत होती."

"गाडी ठोकत होती म्हने. मले गजानन म्हने, काकू, त्या काही येत नाहीत आता. आश्रमाच्या गाडीसाठी सकाळी लवकर उठा लागन."

"मंग?"

"मंग म्या म्हतलं, उद्या सकाळ झाली नाही अजून."

गजाननच्या बायकोनं घर सोडाच्या आदल्या दिवशी बी चुलीवर सयपाक केला. कळन्याची भाकर, ज्वारीत उडीद मिसळून दळलेली, काळपट, लय गोड लागते. संगं भरलेल्या वांग्याचं नाही, भाजलेल्या वांग्याचं भरीत, वरतं कच्चं तेल अन् हिरवी मिरची कुटलेली. आमी घाटावर भरतात दाण्याचं कूट घालतो, हे नाही घालत. सुदामनं लाजत-लाजत चार भाकरी खाल्ल्या. खाटीजवळ ताट घेऊन मी बसली. सुभद्रा म्हने, "पयले तू खा. मुऱ्हाळी जेवल्याबिगर पोरगी उठत नाही." मी जेवली. मंग ती जेवली.

गजानननं माह्यासमोर आश्रमात फोन लावला. "उद्या गाडी धाडू नका. त्यायच्या घरचे आले." फोन ठेवून पोरगं आतल्या खोलीत गेलं, लय येळ बाहेर आलं नाही. त्याले बी काही सोपं नव्हतं.

घाट चढतानी

सकाळी गल्लीतल्या बाया आल्या. कोनी शेंगा देल्ल्या, कोनी तूरदाळ, एकीनं कोंबडी देतो म्हतलं, ते नाही घेतली. प्रकाश अन् सुदामनं सुभद्राले चादरीसकट उचललं. चादरीचे चार कोपरे, चार हात. तिनं दातावर दात धरले, पन हूं केलं नाही. गादीवर ठेवली, दोन्ही बाजूनं उशा लावल्या. मी तिच्या डोक्यापाशी बसली. नवं लुगडं तिच्या अंगावर होतं.

नांदुऱ्याले रशीदभाईनं बोनेट उघडून नट पुन्हा तपासला, हालला नव्हता. सुभद्राकडं पाहून म्हने, "हेच का ते, जिच्यासाठी अम्मानं ब्रेक तोडला असता?" तिले काही समजलं नाही, म्या म्हतलं मंग सांगते.

खामगाव गेलं. घाट आला. आता भरलेली गाडी, चढ, अन् इंजिनाले खरा जोर. उतरतानी काय, कोनतीबी गाडी उतरते. प्रकाशनं दुसरा गियर टाकला. सुदाम पुढं वाकून, कान खिडकीच्या बाहेर. प्रकाशनं गानं बंद केलं. म्या भांड्यायचा आवाज नको म्हून सुभद्राचं बोचकं मांडीत दाबून धरलं. पयलं वळन. दुसरं. इंजिन एका सुरात, जड, सरळ. तिसऱ्या वळनावर पुढं उसाचा ट्रक आडवा होता, गाडी पार हळू झाली. तिथीच, तिथीच वाजलं असतं. सुदामनं डोळे मिटले.

सुभद्रा गादीवरून आमच्या सारायच्या तोंडाकडं पाहे.

"काऊन वं बाई," मोठ्यानं म्हने, "कोनी बोलून काऊन नाही राह्यलं? मले आनून पस्तावले का?"

"नाही मावशी," प्रकाश म्हने, "इंजिन आयकून राह्यलो."

"मंग? काय म्हनते ते?"

प्रकाशनं सुदामकडं पाह्यलं. सुदाम सरळ बसला, कानातलं बोट काढावं तसा.

"काही नाही म्हनत मावशी," तो म्हने. "गप हाय."

"ते गप हाय ना? मंग तुमी तं बोला बे!"